किल्लीबुवांचे बूट

किल्लीबुवांचे बूट घोट्याच्या वर येणारे होते. प्रत्येक बुटाला नाडी ओवायची बारा भोकं, आणि पुढच्या टोकाला चामड्याच्या आत लोखंडाची वाटी. ते बूट काढायला त्यांना दोन मिनिटं लागत आणि घालायला तीन. हे मला नेमकं माहीत आहे, कारण आमच्या दाराशी ठेवलेल्या पाटावर बसून ते नाड्या सोडत तेव्हा मी समोर उभी असायचे. सात वर्षांत असं निदान साठ वेळा झालं असेल.

किल्लीबुवा हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं. आम्ही मुलाच्या मागोमाग या परक्या देशात आलो आणि त्याच्या घरापासून दोन थांब्यांवर भाड्याने राहू लागलो, त्या इमारतीची देखभाल किल्लीबुवा करत. छत्तीस घरांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेच्या कड्यात लटकलेल्या असत. ते जिना चढू लागले की दुसऱ्या मजल्यावर आम्हाला ऐकू येई. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "आलं बघ देऊळ चालत."

पहिल्या दिवशी ते मला मॅडम म्हणाले. ह्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "मॅडम म्हणू नका. हिला शाळेची आठवण होईल आणि तुम्हाला पाढे विचारेल. काकू म्हणा." त्या माणसाने तो शब्द चारदा घोळवला आणि मग कायमचा उचलला. आमचं बाकीचं बोलणं तिथल्या भाषेत चाले. माझी भाषा शिकवणीतली, त्यांची जिन्यातली, पण मी ते सगळं इथे आपल्या भाषेतच लिहिते आहे.

पंचेचाळिशीचे असतील. लग्न केलं नव्हतं. "ठरत आलं होतं एकदा, काकू. पण तिला किल्ल्यांचा आवाज सहन होईना." तळमजल्यावर, खरं तर तळाच्याही अर्धा मजला खाली, दोन खोल्यांत ते आणि त्यांची आई राहत. त्या खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. आईला गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नसे आणि ऐकू कमी येई. ती दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसे. खिडकी बरोबर फुटपाथच्या उंचीवर होती, त्यामुळे तिला माणसं दिसत ती फक्त गुडघ्यापर्यंत. तेवढ्यावरून ती सगळ्यांना ओळखायची. मी एकदा तिला फळं द्यायला गेले तर माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही. पायांकडे बघून म्हणाली, "दुसरा मजला. डावी टाच झिजलीय, करून घे."

आता बुटांविषयी.

मी शिकले नन्सच्या शाळेत. तिथे सकाळी प्रार्थनेच्या आधी बुटांची तपासणी असे, आणि पॉलिशमध्ये सिस्टरचं तोंड दिसलं नाही तर हातावर पट्टी बसे. बूट दिवसभर पायांत. वर्गात, जेवणाच्या हॉलमध्ये, अगदी प्रार्थनेच्या खोलीतसुद्धा. घरी आले की आई दाराच्या बाहेरच बूट काढायला लावी आणि पाय धुतल्याशिवाय आत घेत नसे. शाळेत अनवाणी पाय दिसला तर मार, घरात बूट दिसला तर मार. दोन्हीकडचा मार खाऊन मी जे शिकले ते पुढे इतकं कडक झालं की माझी सून मला हसून म्हणते, "आई, तुमच्या घरी यायचं म्हणजे विमानतळावर तपासणीला उभं राहिल्यासारखं वाटतं."

डायरीही त्याच शाळेतली. आठवीत सिस्टरने सांगितलं, रोज एक पान लिहायचं, आज मी काय केलं आणि काय करायला हवं होतं ते केलं नाही. तेव्हापासून एक दिवस सुटलेला नाही. हे गेले त्या दिवसाचंही पान आहे. त्यावर दोन ओळी आहेत, पण पान आहे.

इथे आल्यावर मुलाने मला निळ्या प्लास्टिकच्या आवरणांचं एक पाकीट आणून दिलं. दवाखान्यात बुटांवर चढवतात तसली. पन्नास जोड. "कामाची माणसं येतील त्यांना दे. उगाच बूट काढायला लावू नकोस, इथे तशी पद्धत नाही." मी पाकीट कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. चांगली वस्तू लगेच फोडायची नाही, हे माझ्या हाडांत आहे. कोणी बरं माणूस आलं तर काढू, असा विचार. शिवाय किल्लीबुवांच्या त्या अवजड बुटांनी पहिल्याच पावलाला प्लास्टिक फाटलं असतं. आणि ते काढत होतेच की. कधी कुरकूर केली नाही. पाटावर बसून नाड्या सोडता सोडता छत्तीस घरांच्या बातम्या सांगत. कोणाकडे नळ गळतो, कोणाकडे नवरा बोलत नाही.

एकदाच मला लाज वाटायला हवी होती आणि वाटली नाही. हे न्हाणीघरात घसरले आणि उठता येईना. मी किल्लीबुवांना फोन केला. ते जिना धावत आले, किल्ल्या खणखणत, आणि दाराशी पाटावर बसून नाड्या सोडू लागले. मी समोर उभी. आतून हे ओरडले, "अगं, येऊ दे त्याला आत. पूजा मागाहून कर." तेव्हा एक बूट निघाला होता. दुसरा काढून होईपर्यंत मी थांबले. ह्यांना काही फार लागलं नव्हतं, म्हणून पुढे आम्ही तिघंही ही गोष्ट हसून सांगायचो. त्या दिवसाच्या पानावर मी 'विनोदी प्रसंग' असं लिहिलेलं आहे.

हे गेल्याला आठ महिने झाले होते. बैठकीच्या खोलीतला हीटर गळू लागला. भिंतीला लावलेला जुना लोखंडी हीटर, बरगड्यांसारख्या नळ्यांचा, आत गरम पाणी फिरणारा. थंडी तोंडावर आली होती. मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी किल्लीबुवा आले. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पान्यांची पेटी. घाईत होते. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "काकू, आज राहू देत का बूट? हीटर भिंतीतल्या आकड्यांवरून उतरवायचाय. जड आहे तो."

मी काही बोलले नाही.

मी फक्त त्यांच्या बुटांकडे पाहिलं. टाचांना ओला चिखल होता. मग पाटाकडे पाहिलं. फरशी मी नुकतीच पुसली होती.

"बरं बरं," ते हसले आणि पाटावर बसले. त्या दिवशी कोणाचीच बातमी सांगितली नाही. नाड्यांची गाठ अडली तेव्हा मी म्हणाले, "सावकाश," आणि चहा टाकायला गेले. वरच्या फळीवरचं पाकीट मला त्या वेळी दिसलं. चहाचा डबा त्याच्याच खाली असतो.

पाणी उकळत होतं तेव्हा आवाज आला. मी बाहेर आले तर हीटर एका टोकाने भिंतीला टेकलेला आणि दुसऱ्या टोकाने जमिनीवर. एक आकडा भिंतीतून निखळून आला होता. खालचं टोक किल्लीबुवांच्या डाव्या पावलावर होतं. राखाडी मोजा, अंगठ्याजवळ रफू केलेला. ते ओरडले नाहीत. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "काकू, बाजूला व्हा. आतलं पाणी काळं असतं, तुमचे पाय भरतील."

काळं पाणी सगळ्या फरशीवर पसरलं. रुग्णवाहिकेची दोन माणसं बूट घालून तशीच आत आली, त्या पाण्यातून, गालिच्यावरून. मी त्यांना काही म्हणाले नाही. म्हणजे बूट घालून आत येता येतं, आणि मला ते बघताही येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढून टाकावं लागलं.

चौथ्या दिवशी इमारतीच्या कंपनीची बाई चौकशीला येणार होती. आदल्या संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, विचारतील तेवढंच बोल."

"मी काय बोलणार रे. झालं ते सांगेन."

"झालं ते सगळं सांगायची तुला फार हौस. तुझे राहण्याचे कागद अजून सरकारी कचेरीत पडलेत. बाबा गेल्यावर आता तुझ्या एकटीच्या नावावर व्हायचेत. अशा वेळी कुठल्या चौकशीत तुझं नाव यायला नको. कळलं का?"

कळलं होतं. ह्यांच्या माघारी हे घर, मुलाचे दोन थांबे, नातीची शनिवारची दुपार, एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

बाई तरुण होती. दाराशी पाट पाहून तिने आपणहून बूट काढले. "किती छान पद्धत," म्हणाली. मग कागद पुढे ठेवला. तिने मला नीट समजावून सांगितलं, की कामाच्या वेळी लोखंडी टोकाचे बूट पायांत असणं सक्तीचं आहे. ज्यांचं घर आहे त्यांनी ते काढायला लावले असतील तर ही कामावरची दुखापत धरतात. माणसाने स्वतःच्या मर्जीने काढले असतील तर तो त्याचा नियमभंग. "तर, तुम्ही त्यांना बूट काढायला सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, "त्या दिवशी बुटांबद्दल मी एक शब्दही बोलले नाही."

ती लिहीत गेली. मी सही केली. "किती सुरेख अक्षर आहे तुमचं," ती म्हणाली.

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते आदल्या संध्याकाळपासून घासूनपुसून तयार ठेवलं होतं. सिस्टर असती तर तिने त्यात तोंड पाहिलं असतं.

डायरीत मात्र मंगळवारचं पान आहे तसं आहे. 'त्यांनी विचारलं, मी बोलले नाही. बुटांकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. त्यांना कळलं.' आणि शुक्रवारच्या पानावर, 'चौकशी झाली. खरं तेच सांगितलं.' ही दोन पानं समोरासमोर नाहीत, मध्ये दोन पानं आहेत, म्हणून एकदम दिसत नाहीत.

सहा आठवड्यांनी जिन्यात किल्ल्या वाजल्या नाहीत, काठी वाजली. दार उघडलं तर किल्लीबुवा. कमरेचं कडं नव्हतं, त्यामुळे एकदम बारीक दिसले. डाव्या पायात दवाखान्याची कापडी चप्पल.

"निरोप घ्यायला आलो, काकू. महिनाअखेर खोल्या सोडायच्यात."

"म्हणजे?"

"नोकरी गेली ना. नियम मोडला मी." अगदी साधेपणाने म्हणाले, पाऊस आला ना म्हणावं तसं. "त्यांनी मला विचारलं, काकूंनी सांगितलं होतं का? मी म्हटलं, काकू एक शब्द बोलल्या नाहीत. तुम्हीही तेच सांगितलंत, असं बाई म्हणाली. आपलं दोघांचं जुळलं."

मी म्हणाले, "आत या. तसेच या."

सात वर्षांत पहिल्यांदा मी असं म्हणाले. त्यांनी पाटाकडे पाहिलं. "नको. ह्या पायाचं काढायचं-घालायचं अजून जमत नाही. आणि तसाच आलो तर मलाच चुकल्यासारखं होईल." मी चहा बाहेर आणून दिला. जिन्याच्या कठड्याला टेकून त्यांनी तो उभ्याने घेतला. निर्णयाच्या कागदावर हरकत घ्यायला नव्वद दिवस दिलेले आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं. "पण हरकत कशाची घेणार? लिहिलंय ते खरंच आहे."

मी त्याच क्षणी बोलू शकले असते. त्यांच्या हातात कप होता, माझी डायरी टेबलावर होती. महिनाअखेरीला अजून अकरा दिवस होते आणि खोल्या दुसऱ्या कोणाला दिलेल्या नव्हत्या. मी कप परत घेतला आणि म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा."

माझे कागद यायचे होते.

ते आले तेव्हा नव्वदपैकी एक्क्याऐंशी दिवस गेले होते. सोमवारी टपालातून आले. बुधवारी मी मंगळवारचं ते पान असलेली डायरी पिशवीत घातली आणि किल्लीबुवांच्या नव्या पत्त्यावर गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक अरुंद इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना चढताना माझ्या मनात सारखं येत होतं, त्यांच्या आईला इथे वर आणलं कसं असेल. आणि खाली न्यायचं कसं. नंतर कळलं, दोघा शेजाऱ्यांनी खुर्चीसकट वर नेलं आणि तेव्हापासून ती खाली आलेली नाही.

दार उघडलं आणि मी सवयीने वाकून बुटाची पट्टी सोडू लागले.

"काढू नका," किल्लीबुवा म्हणाले. "फरशी गार आहे आणि खिळे वर आलेत."

"मला नाही जमायचं बूट घालून."

"तुमच्या घरात तुमचं चालायचं ना, काकू? हे माझं घर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी कोणाच्या तरी घरात बूट घालून शिरले. सात पावलं होती. प्रत्येक पावलाचा आवाज मला आईने ऐकल्यासारखा वाटला.

त्यांची आई खिडकीशीच बसली होती. पण खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, आणि एक पाइप. आवाज कसा लागला कोण जाणे, तिने वळून माझ्या पायांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"दुसरा मजला," ती म्हणाली. "टाच अजून केली नाहीस."

मी डायरी उघडली आणि मंगळवारचं पान त्यांच्या भाषेत सांगत गेले. किल्लीबुवा ऐकत होते. मग मी म्हणाले, "हे मी कंपनीला लिहून देणार आहे. सहीनिशी. पानाची नक्कल जोडून. तुम्ही हरकतीचा अर्ज करा, अजून सात दिवस आहेत."

"आणि तुमचे कागद? तुमचा मुलगा म्हणत होता, अडकलेत म्हणून."

"आले."

त्यांनी डायरीच्या पानाकडे पाहिलं. मग विचारलं, "कधी?"

"परवा. सोमवारी."

"म्हणजे सोमवारपर्यंत थांबलात."

"हो."

त्यांनी मान हलवली. एखादा नळ कुठून गळतो ते सापडल्यावर हलवायचे, तशीच. मग काठी घेऊन उठले. "चहा टाकतो. साखर दोन चमचे ना?"

मी तिथेच त्यांच्या टेबलावर निवेदन लिहिलं. त्यांनी कप ठेवताना कागदावर ठेवला नाही, शेजारी ठेवला.

मुलगा चिडला. "कोणी विचारलं नव्हतं तुला, आई." मी म्हणाले, "म्हणून तर." दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, दाराशी बूट काढले आणि पाटावर बसूनच म्हणाला, "मीच सांगितलं होतं तुला कमी बोलायला." मी त्याला सांगितलं, तू कमी बोल म्हणालास. बघायला मी माझ्या मनाने बघितलं होतं.

कंपनीचं पत्र दोन महिन्यांनी आलं. दुखापत कामावरची धरली, भरपाई मंजूर झाली, नियमभंगाचा शेरा काढला. नोकरी मात्र पायामुळे नाही, आणि खोल्या नव्या माणसाला दिलेल्या, त्या परत नाहीत. किल्लीबुवा आता एका दुकानात बसून किल्ल्या कापतात. "आता वाजत नाहीत, नुसत्या घासतात," म्हणतात. मला अजून काकूच म्हणतात. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी दुकानातलं यंत्र सुरू केलं, त्यामुळे त्यांनी काय म्हटलं ते मला कळलं नाही. दुसऱ्यांदा मागायचा धीर झाला नाही.

इमारतीचा नवा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा मी दार उघडताच म्हणाले, "बूट राहू द्या." तो तसाच आत आला आणि नळ दुरुस्त करून गेला. तो गेल्यावर मी सगळी फरशी पुसली. दोनदा पुसली. हेही त्या दिवसाच्या पानावर आहे. निळं पाकीट वरच्या फळीवरच आहे.

बुधवारी मी किल्लीबुवांकडे तिसऱ्या मजल्यावर जाते. बाकी रोज दुपारी आमच्या इमारतीच्या दाराशी बाकावर बसते आणि कोण कुठले बूट घालून गेलं ते डायरीत लिहिते. माझ्या डायरीत आयुष्यभरात इतके पाय आले नसतील. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने लाल बूट घेतले. टपालवाल्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटलाय. पहिल्या मजल्यावरचं बाळ चालायला लागलं, त्याच्या बुटांतून चूं चूं आवाज येतो. बुधवारी हे सगळं मी किल्लीबुवांच्या आईच्या कानाशी मोठ्याने वाचते. ती मध्येच थांबवून विचारते, "पट्ट्याचे की नाडीचे?" लिहायला विसरले असेन तर मी तसं सांगते.

बूट घालूनच बसते मी तिथे. टाच करून घेतली आहे. ती तिने पहिल्या झटक्यात पाहिली.

परवा वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आणि आमच्या खालच्या खिडकीत आता कोण बसतं?"

मी म्हणाले, "कोणी नाही. पडदा लावलेला असतो."

"दिवसासुद्धा?"

"दिवसासुद्धा."

तिने मान फिरवून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. किल्लीबुवांनी माझ्या कपात चहा ओतला.

मी तेही डायरीत लिहून घेतलं.